उकिरड्यातील साक्ष

राजाने शिलालेख कोरविला तो लोकांनी वाचावा म्हणून. दानपत्र लिहून घेणाऱ्याने ते ताम्रपटावर लिहून घेतले, ते पुढे कोणी नाकारू नये म्हणून. बखरकाराने बखर लिहिली, ती कोणाची तरी थोरवी राहावी म्हणून. या सर्व साधनांना हेतू असतो आणि जेथे हेतू आला तेथे थोडीबहुत रंगसफेदीही आली. परंतु जेवण आटोपल्यावर ताटातले हाड अंगणापलीकडे भिरकावून देणाऱ्या माणसाच्या मनात पुढील पिढ्यांचा विचार मुळीच नव्हता. तीन हजार वर्षांनी कोणी ते हाड उचलील, ब्रशाने झाडील, त्यावर शाईने क्रमांक घालील, ही कल्पना त्याला कोठून असणार? म्हणूनच इतिहासाच्या साऱ्या साक्षीदारांत हा साक्षीदार मला अधिक भरवशाचा वाटतो. तो अर्धवट बोलतो, पुष्कळदा तोतरे बोलतो. पण भिडेखातर काही बोलत नाही.

पुरातन वस्त्यांच्या उत्खननात सापडणाऱ्या प्राण्यांच्या अवशेषांवरून तेथील माणसांविषयी काय कळते, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. शाळेच्या पुस्तकात या विषयाला बहुधा एकच ओळ मिळते: 'हे लोक गाई, शेळ्या, मेंढ्या पाळीत व शिकार करीत.' ही ओळ मुलांकडून पाठ करून घेणे हा माझ्या व्यवसायाचाच भाग आहे. पण ती लिहिता यावी म्हणून किती टोपल्या हाडे निवडावी लागली असतील, हे पुस्तक सांगत नाही आणि मुलेही विचारीत नाहीत. एका मुलाने मात्र विचारले होते, "सर, गाय पाळीत होते की नुसती मारून खात होते, हे हाडावरून कसे कळते?" प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे. त्याचे उत्तर त्याला मी दोन वाक्यांत दिले; आपणांस थोडे सविस्तर देतो.

आपल्या दख्खनच्या खेड्यांत जमिनीचे दोन भाग मानण्याची जुनी रीत आहे, 'काळी' आणि 'पांढरी'. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. जुन्या ओसाड वस्तीचे टेकाड पांढुरके का दिसते? चुलींची राख, गोठ्यांतले शेण, कोसळलेल्या भिंतींची माती आणि कुजत आलेली हाडे यांचे ते शेकडो वर्षांचे मिश्रण असते. या पांढरीत पुरातत्त्वज्ञ थराथराने उतरतो. खापर कोणत्या थरातले, मणी कोणत्या थरातला, याची जशी नोंद होते, तशीच प्रत्येक हाडाची व्हावी लागते. थर चुकला की साक्ष बाद. मग ते हाड प्रयोगशाळेत जाते. तेथे आजच्या जनावरांचे सांगाडे ओळीने मांडून ठेवलेले असतात. त्यांच्या शेजारी जुना तुकडा ठेवून, हा बैलाच्या पुढच्या पायाचा की सांबराच्या, असे ताडून पाहावयाचे. काम चिकाटीचे आहे.

काही वेळा निसर्गच मदत करतो. आपल्या देशी बैलाचे वशिंड ही त्याची पहिली खूण. पण वशिंडात हाड नसते, तेव्हा मातीत ते कसे उरावे? तरीही वशिंडाखालच्या पाठीच्या मणक्यांचे वर गेलेले काटे टोकाशी दुभंगलेले असतात. असा एक दुभंगलेला काटा मिळाला की हे वशिंडाचे जनावर होते, असे म्हणावयास आधार मिळतो. याउलट शेळी आणि मेंढी यांचे पाहा. धनगराच्या पोराला शंभर पावलांवरून जो भेद कळतो, तो हाडांवरून सांगताना तज्ज्ञांची दमछाक होते. म्हणून बहुतेक अहवालांत 'शेळी-मेंढी' असा जोड उल्लेख असतो. तो पाहून वाचकाने हसू नये.

आता त्या मुलाचा प्रश्न. बैलबाजारात गेलेल्यांना हे ठाऊक आहे की गिऱ्हाईक प्रथम जनावराचा जबडा उघडून पाहते. दुधाचे दात पडलेच नसतील तर जनावर आदत. दोन पक्के दात आले की दुसा, चार आले की चौसा, सर्व आले की जुळलेला. विकणाऱ्याने वय कितीही चोरले तरी दात ते चोरू देत नाहीत. संशोधक नेमके हेच करतो. फक्त त्याचा बैल तीन-चार हजार वर्षांपूर्वी मेलेला असतो. दात किती उगवले, किती झिजले, यावरून मरतेवेळचे वय अजमावता येते. पायाच्या लांब हाडांवरूनही ते कळते. वाढत्या वयात या हाडांची टोके मधल्या दांड्यापासून कूर्चेने अलग राहिलेली असतात. वाढ पुरी झाली की ती दांड्याशी एकजीव होतात. टोक सुटे सापडले तर जनावर तरुण होते.

पण वय कळून काय उपयोग? फार मोठा उपयोग आहे. शिकाऱ्याला जे सापडेल ते तो मारतो. कळप बाळगणारा मात्र निवड करतो, आणि त्या निवडीत त्याचा सारा संसार उमटतो. मांसासाठी कळप असेल तर नर अंगाने भरले की कापले जातात, कारण त्यापुढे त्यांना चारा घालणे तोट्याचे असते. दूध हवे असेल तर नको असलेले नर कोवळेपणीच जातात आणि माद्या म्हाताऱ्या होईपर्यंत राहतात. लोकर हवी असेल तर मेंढे-मेंढ्या दोन्ही मोठ्या वयापर्यंत ठेवल्या जातात. सेबॅस्टियन पेन या संशोधकाने तुर्कस्तानातील हाडांच्या अभ्यासावरून १९७३ मध्ये हे आडाखे बांधून दिले आणि अजूनही जगभर ते आधाराला घेतले जातात. बैल म्हातारा होऊन मेला असेल आणि त्याच्या खुब्याचे व पायाचे सांधे झिजून त्यांवर हाडाच्या गाठी वाढल्या असतील, तर तो औताला किंवा गाड्याला जुंपला जात असावा, असा तर्क करता येतो. मालकाचे नाव राहिले नाही, गावाचे राहिले नाही, पण बैलाच्या खुब्यात त्याचे कष्ट राहिले. मला ही गोष्ट कोणत्याही शिलालेखापेक्षा अधिक हृदयस्पर्शी वाटते.

मोजणीतही फसगत होऊ शकते. दोनशे तुकडे म्हणजे दोनशे जनावरे नव्हेत. एकाच बैलाचे हाड फुटून वीस तुकडे होतात. म्हणून समजा, डाव्या मांडीच्या हाडांचे वरचे टोक किती सापडले, ते मोजतात. सात सापडली तर निदान सात जनावरे होती, हे निश्चित. कारण एका जनावराला डावी मांडी एकच.

याखेरीज हाडांवरच्या खुणा असतात. सांध्याजवळ सुरीच्या बारीक रेघा असल्या तर जनावराचे भाग पाडले. खुराजवळ व कवटीवर असल्या तर कातडे सोलले. हाडाच्या दांड्यावर असल्या तर मांस खरवडून काढले. हाड ताजे असताना दगडाने फोडले म्हणजे त्याची चीर नागमोडी जाते. आतला मगज खाण्यासाठी ते फोडले, असे समजावे. टोके कुरतडलेली असली तर तेथे कुत्रा होता, मग कुत्र्याचे एकही हाड मिळालेले नसो.

मात्र मौनाचा अर्थ लावताना फार जपावे लागते. माती चाळणीतून चाळली नाही तर माशांचे काटे आणि पाखरांची हाडे मातीबरोबर निघून जातात, आणि 'हे लोक मासे खात नसत' असा निष्कर्ष अहवालात जाऊन बसतो. दोष माशांचा नव्हे, चाळणीचा. मातीचा गुणही पाहावा लागतो. दख्खनच्या काळ्या, चुनखडीच्या मातीत हाड टिकते. गोव्याची व कोकणची जांभ्याची माती आम्लधर्मी. ती हाड खाऊन टाकते. म्हणून तेथे जनावरे नव्हती असे थोडेच आहे? सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ येथे उघड्या जांभ्यावर कोरलेली बैलांची व हरणांची चित्रे १९९३ मध्ये अभ्यासकांच्या नजरेस आली. हाडे विरली, आकृत्या राहिल्या.

पद्धतीविषयी इतके पुरे. तिच्यामुळे हाती काय आले, ते आता पाहू. आणि आपल्या श्रोत्यांच्या वस्तीपासून फार दूर न जाता पाहू.

बडोद्याकडील मंडळींना उत्तर गुजरातेतील महेसाणा जिल्हा परिचित आहे. तेथे लांघणज नावाचे गाव आहे. भोवती रेताड टेकड्या, पाऊस बेताचा. या टेकड्यांत बारीक गारगोट्यांची हत्यारे वापरणाऱ्या शिकारी लोकांची वस्ती होती. डॉ. ह. धी. सांकळिया यांनी १९४४ पासून तेथे उत्खनने केली आणि ज्युलिएट क्लटन-ब्रॉक या विदुषीने तेथील प्राण्यांच्या हाडांवर लिहिलेला स्वतंत्र भाग १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या हाडांत गेंडा निघाला! आज गेंडा पाहावयाचा तर आसामात जावे लागते. त्याला पाणथळ जागा लागते, पुरुषभर उंचीचे गवत लागते. गवताळ पाणथळीत राहणारे पाडा जातीचे हरीणही त्याच्या सोबतीस आहे. पण तेवढ्यावरून तेथे घनदाट अरण्य होते असे कोणी म्हणू लागला, तर त्याच ढिगातील काळवीट आणि नीलगाय त्याला अडवितात, कारण ही मोकळ्या माळाची जनावरे आहेत. तेव्हा पाणथळीही होत्या आणि मधून माळही होता, असे चित्र उभे राहते. पाऊसपाण्याची नोंद ठेवणारे कोणी नव्हते. गेंड्याने ती ठेवली. या गेंड्याच्या खांद्याच्या एका रुंद हाडावर खळगे पडलेले आहेत. गारगोटीची हत्यारे घडविताना ऐरणीसारखा त्याचा उपयोग केला असावा, असे तज्ज्ञ म्हणतात. मांस संपले तरी जनावर कामातून गेले नव्हते.

दुसरे स्थळ हैदराबादकरांच्या बाजूचे. तेलंगण, आंध्र व कर्नाटक यांच्या सीमाभागात राखेचे मोठमोठे ढिगारे आढळतात. त्यांविषयी लोकांत नाना कथा आहेत. हंपीजवळच्या निंबापूरचा ढिगारा तर वालीच्या चितेची राख समजला जातो. रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच ही राख शेणाची आहे असे सांगितले होते. सर्वांना ते पटले नव्हते. पुढे १९५७ मध्ये रेमंड ऑल्चिन यांनी त्या वेळच्या महबूबनगर जिल्ह्यातील उतनूर येथे खोदले, तेव्हा लाकडी खांबांचे कुंपण घातलेल्या वाड्याच्या खुणा मिळाल्या. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी तेथे गुरे कोंडीत, शेण साठे आणि केव्हा केव्हा ते सारे पेटविले जाई. आणि या थरांत गुरांच्या खुरांचे ठसे उमटलेले सापडले. खिल्लार वाड्यात शिरताना पाऊल ओल्या जागेत रुतले, ते तसेच राहिले. हे हाड नव्हे, पण अवशेष खरा. आणि हाडांपेक्षाही जिवंत. वालीची कथा मला आवडते, ती मी मुलांना सांगतो. परंतु सायंकाळी धूळ उडवीत घरी परतणारी ती गुरे मला त्या कथेहून कमी अद्भुत वाटत नाहीत.

आता ज्या स्थळाविषयी मला विशेष सांगावयाचे आहे, तेथे येतो. पुण्याच्या पूर्वेस सुमारे ८० किलोमीटरवर, शिरूर तालुक्यात, भीमेला मिळणाऱ्या घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. येथील पांढरीचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. डॉ. सांकळिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झेड. डी. अन्सारी यांचा अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. १३० हून अधिक घरे व दोनशेहून अधिक दफने येथे उजेडात आली. तांबे वापरणारे पण मुख्यतः दगडी हत्यारांवर विसंबणारे, चाकावर सुबक भांडी घडविणारे हे दख्खनचे आद्य शेतकरी. माळव्याकडच्या भांड्यांचा त्यांच्या प्रारंभीच्या थरांशी निकट संबंध आहे. इंदूरच्या श्रोत्यांनी महेश्वरासमोरच्या नावडातोलीचे नाव ऐकलेच असेल. तो तोच सांस्कृतिक गोतावळा. इनामगावची वस्ती स्थूलमानाने इ. स. पूर्व १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षे नांदली. नऊशे वर्षे म्हणजे यादवांच्या उदयकाळापासून आजपर्यंतचा अवधी. इतका काळ एकाच जागी राहिलेल्या गावाचा उकिरडा म्हणजे केवढे दप्तर!

डेक्कन कॉलेजात डॉ. पी. के. थॉमस यांच्यासारख्यांनी या दप्तराची पाने उलटली. त्यांत सर्वांत जास्त हाडे निघाली गाईबैलांची. त्याखालोखाल शेळ्यामेंढ्या, शिवाय म्हैस, डुक्कर, कुत्रा, रानातली चितळे, सांबरे, काळविटे, नदीतले मासे, कासवे, शिंपले. गाईबैलांच्या हाडांवर सुरीच्या खुणा आहेत, काही हाडे भाजलेली आहेत. म्हणजे हे लोक गोमांस खात, हे उघड आहे. ते लपवूनही उपयोग नाही व त्याचे ढोल वाजवूनही उपयोग नाही. तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका कुटुंबाने चुलीवर काय शिजविले, त्यावरून आज कोणी कोणाला जाब विचारावा, असे त्यात काही नाही.

किंबहुना याच गावात एक अशी वस्तू सापडली की आपले सोपे हिशेब चुकावेत. एका घरात जमिनीखाली पुरलेले कच्च्या मातीचे झाकणाचे पात्र मिळाले. त्यात एक बिनशिराची स्त्रीमूर्ती आणि तिच्याबरोबर एक बैल. मूर्ती बैलाच्या पाठीवर बसविता यावी अशी छिद्राची योजना केलेली आहे. कोणी देवता असावी. बैल तिचे वाहन असावे. म्हणजे ज्या गावाच्या उकिरड्यावर बैलाची फोडलेली हाडे आहेत, त्याच गावातील घराच्या जमिनीखाली बैल जपून, झाकून ठेवलेला आहे. पूजा आणि भोजन या दोन गोष्टी त्या माणसांच्या मनात एकमेकींच्या आड येत नव्हत्या. हे आपल्याला विसंगत वाटेल. त्यांना वाटत नव्हते, एवढेच हाड आणि मूर्ती मिळून सांगतात.

पण इनामगावची खरी कथा पुढेच आहे. सुमारे इ. स. पूर्व १४०० ते १००० हा त्या गावाचा भरभराटीचा काळ. घरे चौकोनी, ऐसपैस. एक पाच खोल्यांचे घर, त्याजवळ धान्याचे कोठार. नदीच्या पुराचे पाणी वळवून आणणारा पाट व दगडमातीचा बांध. जव, गहू, मसूर अशी पिके. मग इ. स. पूर्व १००० च्या सुमारास चित्र पालटते. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात. भांड्यांचा सुबकपणा घटतो. आणि उकिरड्यातील हाडांचे प्रमाणही बदलते: शेळ्यामेंढ्या वाढतात, शिकारीच्या जनावरांचा वाटा वाढतो.

पर्जन्यछायेच्या प्रदेशातील कोणत्याही वृद्ध शेतकऱ्याला याचा अर्थ विचारा. तो सांगेल, चारा संपला की आधी मोठे जनावर दावणीवरून सुटते. शेळी शेवटपर्यंत राहते. गाईला गवत हवे, पाणी हवे. शेळी बाभळीच्या शेंगांवर आणि बोरीच्या पाल्यावर दिवस काढते. गोल झोपडी, वाढलेली शेळी आणि रानातले हरीण ही तिन्ही एकाच घराच्या अडचणीची चिन्हे आहेत. डॉ. ढवळीकरांनी यावरून अनुमान केले की पाऊसमान घटले, शेती खालावली आणि लोक हळूहळू फिरस्त्या पशुपालकांच्या जीवनाकडे वळले. अखेर वस्ती ओसाड पडली.

हे अनुमान सर्वांनी स्वीकारलेले नाही, हेही सांगितले पाहिजे. काही अभ्यासकांच्या मते हवामान इतके बिघडले नव्हते. हा प्रदेश तेव्हाही कमी पावसाचाच होता, आणि वाढलेल्या वस्तीचा भार जमिनीला सोसला नाही. ग्वेन रॉबिन्स शुग यांचा या विषयावरील ग्रंथ २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी जनावरांची नव्हे, मुलांची हाडे पाहिली. इनामगावचे लोक दगावलेले मूल दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरीत. त्यामुळे तान्ह्या मुलांची नाजूक हाडेही सुरक्षित राहिली. अखेरच्या काळातील मुलांच्या हाडांत अपुऱ्या वाढीच्या खुणा दिसतात. वयाच्या मानाने अंगलट कमी भरते.

श्रोतेहो, कारणाविषयी विद्वानांनी वाद घालावा. तो घातलाच पाहिजे. पाऊस हटला की जमीन थकली, हे एकटे हाड सांगू शकत नाही, आणि त्याच्याकडून ते वदवून घेऊ नये. पण उकिरड्यात कमी होत गेलेली गाय आणि जमिनीखालचे ते खुरटलेले मूल एकाच गोष्टीची बाजू सांगतात. त्या घरात पोट भरत नव्हते. या गावातील एकाही माणसाचे नाव आपल्याला ठाऊक नाही. त्यांची भाषा कोणती होती तेही ठाऊक नाही. पण त्यांच्या उपासमारीची नोंद आपल्या हाती आहे. इतिहासाच्या पुस्तकांत किती उपासमारींची एवढीही नोंद असते?

हाडाकडून हवे ते वदवून घेण्याचा मोह किती अनावर असतो, याचे उदाहरण म्हणजे घोडा. कच्छमधील सुरकोटडा या हडप्पाकालीन स्थळावरील काही हाडे व दात खऱ्या घोड्याचे आहेत, असे शांडोर बोकोनी या हंगेरियन तज्ज्ञाने १९९१ मध्ये पाहणी करून सांगितले. रिचर्ड मेडो या तितक्याच अधिकारी तज्ज्ञाने ते अमान्य केले, कारण कच्छच्या रणात रानगाढवांचे कळप आहेत आणि घोडा, गाढव व रानगाढव यांचे तुटके दात एकमेकांपासून वेगळे काढणे अत्यंत बिकट असते. धारवाडचे पशुवैद्य डॉ. के. आर. आलूर यांनी कर्नाटकातील हल्लूर येथील नवाश्मयुगीन वस्तीच्या हाडांत घोडा ओळखला, तेव्हाही असेच वादळ उठले. दाताच्या मुलाम्यावरील घडीचा हा प्रश्न खरे पाहता पाच-दहा तज्ज्ञांनी टेबलाभोवती बसून सोडवावयाचा. पण आर्य बाहेरून आले की येथलेच, या वादाचे सारे ओझे त्या दातावर लादले गेले, आणि ज्यांनी आयुष्यात जनावराचा जबडा उघडून पाहिला नाही, तेही घोड्याविषयी हिरिरीने लिहू लागले. मला यात कोणाचा पक्ष घ्यावयाचा नाही. एवढेच वाटते की उत्तर आधी ठरवून ज्याने ढीग उकरला, त्याला ते सापडतेच. आणि म्हणूनच त्याच्या सापडण्याला किंमत राहत नाही.

सुदैवाने आता अशी साधने हाती आली आहेत की ज्यांच्यापुढे हट्ट चालत नाही. हाडातील प्रथिनांची तपासणी करून शेळी आणि मेंढी यांचा भेद सांगण्याची युक्ती २००९ पासून प्रचारात आली. आपल्या उष्ण हवेत ही प्रथिने पुष्कळदा टिकत नाहीत, ही अडचण आहेच. दातांतील मूलद्रव्यांच्या प्रमाणावरून जनावर काय खाऊन वाढले ते कळते. खापरात मुरलेली चरबी मांसाची की दुधाची, हेही सांगता येते. कच्छमधीलच कोटडा भडली या लहानशा हडप्पाकालीन वस्तीवरील अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील खापरांत दुधाचा अंश मिळाला. मग हाडांकडे पाहिले तर गाईम्हशी मोठ्या वयापर्यंत राखलेल्या आणि शेळ्यामेंढ्या बहुधा लहानपणीच कापलेल्या. दातांवरून असे दिसले की गाईम्हशींना ज्वारी-बाजरीच्या जातीच्या धान्याचा कडबा मिळत असावा. शेळ्यामेंढ्या बाहेर चरत असाव्यात. खापर, दात आणि हाड या तिघांची साक्ष जुळली. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी घराघरात दूध तापत होते, एवढेच नव्हे, तर दुभत्या जनावराला वैरण घालण्यात हात आखडला जात नव्हता, हे त्यावरून दिसते.

या नव्या तपासण्यांपैकी पुष्कळशा जुन्या उत्खननांतून जपून ठेवलेल्या हाडांवरच होतात. ज्यांनी साठ-सत्तर वर्षांपूर्वी कागदी पुड्यांत थराचा क्रमांक लिहून ती हाडे पेट्यांत ठेवली, त्यांना ही साधने स्वप्नातही दिसली नव्हती. जेथे भांडी तेवढी ठेवून हाडे ढिगाऱ्यावर फेकून दिली गेली, तेथे आता काहीच करता येत नाही.

आणि हे फेकून देणे केवळ उत्खननातच होते असे नाही. पांढरीची माती शेताला फार मानवते. ते स्वाभाविकच आहे, कारण तीत राख आहे, शेण आहे, हाडांचा चुना आहे. म्हणून दख्खनमधील कित्येक टेकाडांची माती पिढ्यान्‌पिढ्या गाड्या भरभरून शेतात गेली, आणि अलीकडे हे काम यंत्रे एका दिवसात करतात. शेतकऱ्याला दोष देण्याचा मला अधिकार नाही. त्याच्या पिकाला खत हवे असते. पण आपल्यापैकी कोणाच्या गावी अशी पांढरी असेल आणि तिच्या कडेला कापलेल्या दरडीत खापरांबरोबर हाडे डोकावत असतील, तर ती उपसून घरी आणू नयेत, धुऊ तर मुळीच नयेत. जागेचे छायाचित्र घ्यावे, जमिनीपासून किती खोल आहेत ते लिहून ठेवावे आणि जवळच्या पुरातत्त्व खात्याच्या कचेरीला किंवा विद्यापीठातील पुरातत्त्व विभागाला एक पत्र टाकावे. पत्रात गावाचे नाव, गट क्रमांक आणि नदी किंवा ओढा कोणत्या अंगाला आहे, एवढे लिहिले म्हणजे पुरे.